गाठोडं उघडा

आपल्या वऱ्हाडात घरटी एक तरी गाठोडं असतं. माळ्यावर, लोखंडी पेटीवर, नाहीतर दिवाणाच्या पोटात. त्यात एखादं जुनं लुगडं, पोरांचे आखूड झालेले शर्ट, विटलेली ओढणी, कुणाचं तरी धोतर. टाकवत नाही म्हणून ठेवलेलं आणि लागत नाही म्हणून विसरलेलं. शिवण, भरतकाम, रंगकाम यांतलं काहीतरी घरी सुरू करायचंय, पण कुठून सुरू करू, असं इथे नांदगाव खंडेश्वरात मला बऱ्याचजणी विचारतात. त्यांना मी एकच सांगते. बाजारात जाण्याआधी ते गाठोडं खाली काढा.

बहुतेक छंद खरेदीतच अडकतात. चोवीस रंगांची पेटी येते, भरतकामाची रिंग येते, दोन मीटर कोरं कापड येतं. मग त्या कोऱ्या कापडाला कात्री लावताना हात अडतो, कारण चुकलं तर पैसे वाया जाणार. जुन्या कापडाला ही भीती नाही. नव्याने शिकणाऱ्याला सगळ्यात आधी चुकायची मोकळीक हवी असते, आणि ती गाठोड्यात फुकट मिळते.

गाठोडं उघडलं की तीन ढीग करा. सुती कपडे एकीकडे, टेरिकॉट-पॉलिस्टर दुसरीकडे, आणि जीन्स, चादरी, पडदे असं जाड कापड तिसरीकडे. सुती कोणतं हे कळत नसेल तर कापडाच्या कडेचा एक धागा ओढून काढा, चिमट्यात धरा आणि पाण्याच्या भांड्यावर पेटवून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख बोटांत चुरते. पॉलिस्टरचा धागा वितळून त्याचा टणक मणी होतो. गडद रंगाच्या कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या चिंधीत दाबून धरा. चिंधीला रंग लागला तर ते कापड वेगळं ठेवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात सगळं काम बिघडवेल.

दुसरी गोष्ट वेळेची. छंदासाठी वेळ काढा असं सगळेच सांगतात, पण आपल्याकडे वर्षाचे सगळे महिने सारखे नसतात. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन सोंगायला येतं, दिवाळीपासून कापूस वेचणी, मग तूर. ज्या घराचं पोट शेतावर आहे तिथली बाई या दिवसांत सुई हातात धरत नाही, आणि धरली नाही म्हणून तिने मनाला लावून घेऊ नये. आपला हंगाम होळीनंतरचा. शेतं मोकळी झालेली असतात, दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही, पारा चव्वेचाळीसच्या वर जातो आणि अकरा ते पाच माणूस घरातच असतो. आपल्या सासू-आजीसासूंनी वाकळी शिवल्या त्या याच दुपारी. लाइट गेली तरी हातसुई थांबत नाही, पायमशीनही थांबत नाही. ज्या नोकरीला जातात त्यांनी रात्रीच्या जेवणानंतरचा अर्धा तास धरावा, पण रोज एकच वेळ आणि एकच जागा. जागा म्हणजे खोली नव्हे. छपरीतला एक कोपरा आणि त्यात झाकणाचा एक डबा एवढं पुरे. काम अर्धवट टाकून उठता यावं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलता यावं, एवढीच त्या जागेची गरज.

पहिलं काम कोणतं घ्यावं याबद्दल माझं मत ठाम आहे. वाकळ घ्या. आमच्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून सासूबाई तिला ‘वाकय’ म्हणायच्या. पुण्याकडे गोधडी म्हणतात. वाकळीत एकच टाका लागतो, साधा धावदोरा, आणि तो हजारो वेळा घालावा लागतो. तेवढ्यात हात आपोआप बसतो.

शेजारच्या काकूंनी मला एकदा विचारलं होतं, “कायले वो बोटं टोचून घेतं? बाजारात ब्लँकेट भेटते ना!” भेटतं, खरं आहे. पण त्या ब्लँकेटमध्ये आईचं लुगडं नसतं. आणि उन्हाळ्यात कूलरच्या गार वाऱ्यात पहाटे अंगावर ओढायला जुन्या सुती साडीच्या तीन थरांसारखं दुसरं काही नाही. पुढे त्याच काकू माझ्याजवळ बसून वाकळीचा एक कोपरा धरायला लागल्या.

आता कृती. साडेपाच मीटरची सुती साडी म्हणजे जवळपास अठरा फूट. तिची लांबीत तिहेरी घडी घातली की सहा फुटांचे तीन थर तयार होतात, आणि पन्हा साधारण पंचेचाळीस इंच. एका माणसाची वाकळ एकाच साडीत होते, कात्रीही लागत नाही. पहिल्या खेपेला तीन थरच ठेवा, फार तर मध्ये एक जुनं धोतर घाला. सहा-सहा थर घातले तर सुई ओढताना बोटं दुखतात आणि काम कोपऱ्यात पडून राहतं. एवढं मोठंही नको वाटत असेल तर घरातल्या बाळासाठी तीन फूट बाय तीन फूट दुपटं करा. त्याला जुनं, मऊ झालेलं कापडच हवं.

साडी आधी धुऊन, कडक उन्हात वाळवून घ्या. झाडून पुसलेल्या फरशीवर घडी पसरा, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवा. पाटा, वरवंटा, तांदळाचा डबा, काहीही चालेल. तळहाताने मधून कडेकडे कापड सारखं करा. मग मोठे मोठे कच्चे टाके घाला, मधल्या भागापासून सुरू करून कडेपर्यंत. इथे घाई केली की झोळ पडतो. माझ्या पहिल्या वाकळीला तो पडला तेव्हा सासूबाई हात फिरवून एवढंच म्हणाल्या, “झोय पडला ना माय, उसव.” मी तीन रात्रींचं काम उसवलं. तेव्हापासून कच्च्या टाक्यांना मी पूर्ण एक दुपार देते.

कच्चे टाके झाले की चारी कडा अर्धा इंच आत दुमडून शिवा. मग खरं काम. कडेपासून एक बोट आत दुसरी ओळ, तिच्या आत एक बोट तिसरी, असं चौकोनात चौकोन करत मध्यावर यायचं. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, आणि जेवढा वर दिसतो तेवढाच खाली. दोरा जाड सुती घ्या, पण एका वेळी हातभरच. लांब दोरा घेतला की गुंततो, आणि तो सोडवण्यात वाचलेला वेळ परत जातो. गाठ थरांच्या मध्ये ओढून लपवा. मधल्या बोटात अंगुस्तान घाला. सुरुवातीला अडचण वाटेल, आठवड्याने त्याच्याशिवाय बसवणार नाही. एक बोटाचं अंतर ठेवलंत तर एका वाकळीत शंभर मीटरच्या आसपास शिवण पडते. रोज अर्धा-पाऊण तास बसलात तर दीड-दोन महिने लागतील. त्याला उशीर म्हणू नका, त्या कामाचं मापच तेवढं आहे.

एक चूक मात्र टाळा. जुन्या साडीच्या खाली कोरं कापड घालू नका. मी घातलं होतं, दिसायला छान दिसेल म्हणून. पहिल्या धुण्यात कोरं कापड आटलं, जुनं आटलं नाही, आणि सगळी वाकळ चुरगळल्यासारखी गोळा झाली. कोरं घालायचंच असेल तर आधी रात्रभर भिजवून, वाळवून मग घाला.

ठिगळांच्या कामाला कमी समजणाऱ्यांना मी आपल्याच जिल्ह्यातलं नाव सांगते. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा अंगावर चिंध्या जोडलेली वस्त्रं घालून गावोगाव फिरले. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. आज अमरावतीचं विद्यापीठ त्यांच्या नावाने आहे. तिकडे बंगालात जुन्या साड्या-धोतरांचे थर जोडून कांथा करतात. पूर्वी त्यासाठी लागणारा रंगीत दोराही साडीच्या काठातूनच काढत. त्यांचा मूळ टाका आपलाच, धावदोरा. त्याच टाक्याने ते मासे, झाडं, माणसं काढतात. तुमचा टाका सरळ पडू लागला की तुम्हीही वाकळीच्या मधल्या चौकोनात एखादं चित्र काढा. कपाशीचं बोंड काढा, बैल काढा. खडूने किंवा पिवळ्या कार्बन पेपरने आकार उतरवायचा आणि त्यावरून दोरा फिरवायचा. चित्रकला आणि शिवण इथे एक होतात.

चित्रासाठी नमुने इंटरनेटवर शोधत बसू नका. आपल्या गावात टेकडीवर खंडेश्वराचं हेमाडपंती देऊळ उभं आहे. सकाळी लवकर साधी वही आणि पेन्सिल घेऊन जा, एका दगडावरची एकच नक्षी निवडा आणि ती वहीत उतरवा. पहिल्या दिवशी नाही जमणार. चार वेळा तीच नक्षी काढलीत की तिची घडण कळते, आणि मग ती रांगोळीतही येते, उशीच्या अभ्र्यावरही येते.

आता मशीन. घरात काळी पायमशीन असेल, बरीच वर्षं बंद असेल, तर ती विकायच्या आधी एक दिवस तिच्याबरोबर घालवा. सुईखालची पत्री काढून दातांखाली साचलेला कापसाचा गाळ जुन्या टूथब्रशने साफ करा. शटल काढून पुसा. प्रत्येक छिद्रात मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा. मशीनचंच तेल हवं, खोबरेल नको. खोबरेल पौषातल्या थंडीत गोठतं आणि चाक जड होतं. तेल दिल्यावर एका चिंधीवर दोरा न ओवता दहा मिनिटं चालवा, म्हणजे जादा तेल त्या चिंधीत उतरेल, तुमच्या कापडावर नाही. पट्टा सैल झाला असेल तर कापून परत जोडा. दुरुस्तीला नेण्याआधी एवढं करून बघा. बंद पडलेली मशीन कित्येकदा एवढ्यावरच सुरू होते.

शिवण बिघडली तर आधी नवी सुई लावून बघा. जुनी काढताना तिची चपटी बाजू कुठे होती ते लक्षात ठेवा. मलमलसारख्या तलम कापडाला नऊ किंवा अकरा नंबर, साध्या सुती कापडाला चौदा, जीन्सला सोळा नाहीतर अठरा. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे फासे दिसत असतील तर दोष बहुधा वरच्या दोऱ्यात असतो. फूट वर उचलून दोरा पहिल्यापासून पुन्हा ओवा. वरच्या बाजूला फासे येत असतील तर बॉबिन तपासा.

मशीनवर पहिलं काम म्हणून ब्लाउज घेऊ नका, हे मी हात जोडून सांगते. किती जणींनी कटोरी ब्लाउजपासून सुरुवात केली, गळा बिघडला आणि मशीनवर झाकण टाकलं ते टाकलंच! आधी बाजाराची पिशवी, मग उशीचा अभ्रा, मग परकर. ब्लाउज सगळ्यात शेवटी.

अभ्र्याचं माप देते. सतरा बाय सत्तावीस इंचांच्या उशीसाठी अठरा इंच रुंद आणि बासष्ट इंच लांब पट्टा जुन्या चादरीतून कापा. दोन्ही आखूड कडा एकेक इंच दुमडून शिवल्या की लांबी साठ इंच उरते. पट्टा सुलट बाजू वर करून पसरा. एका टोकाला सहा इंचांवर खूण करा, ती झाली आतली झडप. दुसरं टोक उचलून त्या खुणेपर्यंत आणा. मग झडप त्याच्यावर दुमडा आणि दोन्ही लांब कडांना अर्धा इंच आत टीप मारा, सुरुवातीला आणि शेवटी उलटी टीप घेऊन. उलटवलं की अभ्रा तयार, ना बटण ना चेन. एका दुपारी होतो आणि त्याच रात्री डोक्याखाली येतो. शिकणाऱ्याला असं लवकर हाती लागणारं काम मधूनमधून हवंच.

अभ्रा-पिशवीत हात बसला आणि कोरं कापड घ्यावंसं वाटलं तर जरूर घ्या. अमरावती-नागपूर रस्त्यावर नांदगाव पेठेजवळ कापडाचे मोठे ठोक बाजार आहेत. पाहुण्यांना सांगताना मात्र ‘पेठ’ नीट सांगा, नाहीतर ते आपल्या खंडेश्वराच्या नांदगावात येऊन कापडाचा बाजार विचारतात.

रंगकामाला आपल्याकडे सगळ्यात चांगला मुहूर्त म्हणजे पोळा. पिठोरी अमावस्येला खरे बैल सजतात आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन निघतात. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली असं मानतात. हल्ली बैल रंगवलेलेच मिळतात. तुम्ही कोरा आणा. मागच्या वर्षीचा रंग उडालेला असेल तर तोच घ्या.

आधी पॉलिश पेपर मारा, एकशेवीस नंबरचा आणि मग दोनशेवीसचा, लाकडाच्या रेषांच्या दिशेने. भेगा लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून बुजवा, रात्रभर वाळू द्या. मग पांढऱ्या रंगाचा एक हात. त्यावर ॲक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात. एक जाड हात दिला तर ओघळ येतात. पोळा पावसाळ्यात येतो हे विसरू नका. एप्रिलमध्ये वीस मिनिटांत वाळणारा रंग भाद्रपदाच्या तोंडावर तास-दोन तास ओला राहतो, म्हणून काम निदान आठ दिवस आधी काढा. अंगाचा रंग आधी, मग शिंगं. शिंगांना हिंगुळासारखा लाल द्या, टोकांना बेगड चिकटवा. डोळे सगळ्यात शेवटी, दोन नंबरच्या गोल ब्रशने, आणि दोन्ही डोळे एकाच बैठकीत. आधी काळा ठिपका, तो वाळला की त्यात पांढरा बिंदू. तो पांढरा बिंदू पडला की लाकूड तुमच्याकडे बघायला लागतं. पोरं या क्षणाची वाट बघत बसलेली असतात.

आणि झूल पुन्हा गाठोड्यातून. ब्लाउजपिसाचा उरलेला तुकडा, साडीचा काठ, दोन आरसे. हे काम मुलांना द्या, मुलीला आणि मुलालाही. स्वतःच्या बैलाची झूल शिवलेला मुलगा पुढे शर्टाचं तुटलेलं बटण घेऊन कुणासमोर उभा राहत नाही. घरातल्या आजोबांनाही ब्रश द्या. निवृत्त झालेल्या कित्येक पुरुषांचे हात नुसते रिकामे असतात आणि कुणी विचारत नाही म्हणून ते मागत नाहीत.

ज्यांचं बारीक नजरेचं काम होत नाही, त्यांच्यासाठी आपल्याच शेतातला कापूस आहे. सरकी काढून, बोटांनी पिंजून त्याची वस्त्रमाळ करा. बोटांना थोडं दूध किंवा भस्म लावलं की कापूस निसटत नाही. ठरावीक अंतरावर चिमटीत गोल फिरवून मणी करायचा आणि मधे कुंकवाचं बोट. महालक्ष्म्यांना आणि गणपतीला घरची माळ घातल्यावर बाजारची घालावीशी वाटत नाही. हात कापसापेक्षा लाकडाकडे, बांबूकडे वळत असतील तर मेळघाटात धारणी तालुक्यातल्या लवादा इथल्या संपूर्ण बांबू केंद्राचं काम एकदा जाऊन बघा.

थोडं शरीराबद्दल. प्रकाश डाव्या खांद्यावरून यावा, डावखुऱ्यांनी उजवीकडून घ्यावा. चाळिशी लागली असेल तर चष्मा न लावता सुई ओवू नका. अर्ध्या तासाने उठून चार पावलं चाला. घरात रांगतं मूल असेल तर सुया मोजून काढा आणि मोजून ठेवा.

शेवटी विकण्याबद्दल. तुमची दुसरी वाकळ पूर्ण झाली की कुणीतरी म्हणणारच, बचत गटातून विका. गरज असेल तर नक्की विका, फक्त कापडाबरोबर आपल्या तासांचा हिशोब धरून भाव सांगा. दीड महिन्याची मेहनत शे-दोनशे रुपयांना देऊ नका, त्याने तुमचंही नुकसान होतं आणि दुसरीचंही. पण एक काम असं ठेवा जे विकायचं नाही, ज्याला तारीख नाही, ज्यात गिऱ्हाइकाच्या आवडीचा रंग भरावा लागत नाही. माझ्याजवळ अशी एक वाकळ आहे. तिच्यावर मी गेले दोन उन्हाळे टाके घालते आहे आणि ती अजून निम्मीच झाली आहे. मला तिची घाई नाही.

तुमच्या गाठोड्यातली एक सुती साडी आज रात्री भिजत घाला. आपल्या उन्हात ती उद्या दुपारपर्यंत वाळून घडी घालायला तयार होते.